पिट्टूतल्या गोवऱ्या

मी कॉलेजात असताना पोरींची एक तुकडी हिमालयातल्या शिबिराला जाणार होती. मला जायचंच होतं. वडिलांची अट एकच: आधी माझ्यासमोर पाठीवर ओझं घेऊन दिवसभर चालून दाखव. म्हणून हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही दोघं सक्करदऱ्याच्या घरून निघालो, एसटीनं रामटेकच्या पुढच्या एका गावात उतरलो आणि नाल्याच्या काठाकाठानं सागाच्या जंगलात शिरलो.

वडील पुढे, हातात छत्री. थंडीत छत्री कशाला, असं त्यांना विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मागे मी, पाठीवर कॉलेजातून आणलेला पिट्टू, डोंगर चढणाऱ्यांची भलीमोठी पिशवी. त्यात कणकेचा डबा, तूप, वांगी आणि गोवऱ्या. हो, गोवऱ्या! सहल म्हटली की कणकेच्या गोळ्यांचे रोडगे हवेत, आणि रोडगे भाजायचे ते गोवऱ्यांच्याच विस्तवात. चहूकडे वाळलेल्या लाकडांचा खच पडलेला आणि मी पाठीवर शेण वाहतेय. डोकं नुसतं तापलं होतं.

"इथं लाकडं हायेत ना जी बाबा."

"लाकडावरचे रोडगे मी तोंडात नाही घालणार. काहून वं, जड होऊन राहिलं काय?"

जड होतंच. पण तसं म्हटलं असतं तर हिमालय तिथंच संपला असता. "नाही जी," मी म्हणाले.

दुपारी नाला ओलांडायची वेळ आली. दगड शेवाळलेले. मी पाय टाकणार तोच वडिलांनी दंड धरला.

"पोरीची जात, पडशील. आण तो पिट्टू मले."

मी नको नको म्हणत होते, पण ऐकतील तर ते वडील कसले! त्यांनी पिट्टू चढवला, छत्री टेकली आणि दुसऱ्याच दगडावरून घसरून पाण्यात फतकल मारली. कणीक डब्यात होती म्हणून वाचली. गोवऱ्या मात्र मूळ पदावर आल्या.

मी पाण्यात उतरून त्यांना हाताला धरून पलीकडे नेलं. हसू इतकं दाटलं होतं की वर बघायची सोय नव्हती. काटक्या गोळा करून विस्तव केला, रोडगे भाजले. बाहेरून कोळसा, आतून कच्चे. वडिलांनी धोतर झुडपावर वाळत घातलं आणि माझी शाल गुंडाळून ते रोडगे मुकाट्यानं संपवले. परतीच्या वाटेवर पिट्टू माझ्याच पाठीवर होता.

घरी आईनं विचारलं, "मंग, पाठवायचं काय हिले?"

"हिले पाठव," वडील म्हणाले. "मले नको पाठवू."

हिमालयात पहिल्या मुक्कामाला पिट्टू उपसला, तर तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड सुतळीनं आवळून, दोन गोवऱ्या. पोरी पोट धरधरून हसल्या. मीही हसले, आणि मग वडिलांच्या आठवणीनं रडूच फुटलं. त्या गोवऱ्या मी सगळे ओढे ओलांडून शिबिरभर वाहिल्या आणि तशाच कोरड्या ठेवून घरी आणून त्यांच्या हातात दिल्या.