काचेखालचा चेक

ये, अशी जवळ सरकून बस बघू. कागदावर बोलते आहे म्हणून लांबून वाचू नकोस. आणि आधी कान पुढे कर. परवा फोनवर किती मोठ्यानं हसलीस गं तू! "आत्या, तू अजून चेकबुक बाळगतेस? म्युझियमला दे ते!" तुझ्या ऑफिसातली आणखी कोणी मुलगीही मागून हसली, मला ऐकू आलं. हसण्याचा राग नाही. राग याचा की याच गावात राहतेस, मेट्रोनं फार तर तासाभराची वाट, आणि दिवाळीपासून तुझं तोंड दिसलेलं नाही. फोनवर हसायला तेवढी मोकळी असतेस.

माझ्या त्या चेकबुकातून एकच चेक फाडलेला आहे. त्याची गोष्ट मी घरात कुणाला धड सांगितलेली नाही. आता ऐकच.

तुझे मामा, म्हणजे आमचे हे, आजारी होते ते तुला माहीत आहे. छातीचं दुखणं. पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यात पस्तीस वर्षं लेथवर काढलेली, लोखंडाची धूळ, तेलाचा धूर, सगळं आत जाऊन बसलेलं. शेवटी शेवटी घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं होतं. पलंगाशेजारी दिवसभर घुरघुर करायचं. उन्हाळा होता, आणि आमच्या भागात करंट जायचा. करंट गेला की मशीन बंद, आणि मग मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. मोठं सिलिंडर कोपऱ्यात होतं, पण त्याची चावी फिरवायला माझ्या हातात जोर नाही. समोरच्या अक्कांना हाक मारायची, त्या त्यांच्या मुलाला पाठवायच्या, तोवर यांचे ओठ काळे पडायचे.

म्हणून इन्व्हर्टर घ्यायचं ठरलं. यशवंतपूरच्या बाजारात एक बॅटरीवाले होते, मूळचे हुबळीकडचे. मराठी बोलायचे, पण निम्मी कन्नड घालून. यांची त्यांची कारखान्याच्या दिवसांपासून ओळख. ते स्वतः सामान घेऊन आले, भिंतीला जोडून दिलं, मेन स्विच बंद करून दाखवलं. मशीन थांबलं नाही. माझ्या जिवात जीव आला.

"साहेब, बॅटरीची तीन वर्षं गॅरंटी," ते म्हणाले.

हे म्हणाले, "माझी नाही ना? मग बॅटरीचीच लिहून द्या."

ते बिचारे हसावं की नको अशा चेहऱ्यानं बघत राहिले. मीच हसले म्हणून मग तेही हसले.

पैशाचं आलं तेव्हा ते म्हणाले, रोख नसेल तर फोनवरून पाठवा, घाई नाही. पण यांना ते पटेना. आयुष्यभर यांनी मोठी रक्कम चेकनंच दिलेली. चेक लिहायचा म्हणजे आमच्या घरात एक सोहळाच असायचा. टेबल पुसायचं, निळ्या शाईचं पेन, कारखान्यातली स्टीलची पट्टी. चेकच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारायच्या त्यासुद्धा पट्टी लावून. आणि सही करण्याआधी पेपरच्या कडेला दोनदा करून बघायची. त्या दिवशी उशांना टेकून बसवलं, मांडीवर ताट पालथं घातलं, त्यावर चेक. पेपरच्या कडेला सात-आठ वेळा सही केली. एकही सरळ येईना. मी म्हटलं, "राहू द्या, मी बघते उद्या." म्हणाले, "तू काय बघणार? तुला खातं कुठल्या बँकेत आहे ते तरी माहीत आहे का?" माहीत होतं की मला. मी ताट नीट धरलं. शेवटी सही अशी उतरली की त्यांच्या तब्येतीच्या दिवसांतली वाटावी. मला दाखवली. "बघ," म्हणाले.

बॅटरीवाल्यांनी चेक खिशात घातला. म्हणाले, आठवडाभर चालू दे, नीट चालली की बँकेत टाकतो. असे माणूस होते ते. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं ऐकून तुला ते वाईट वाटतील.

पाचव्या दिवशी हे गेले. दुपारी, जेवणाच्या वेळेला. करंट होता, मशीन चालू होतं, बॅटरी भरलेली होती. कशाचीच चूक नव्हती.

यांना जाऊन तिसऱ्या दिवशी बॅटरीवाले आले. आत आले नाहीत, जिन्याच्या पायरीवरच बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही. निघताना म्हणाले, "अक्का, तो चेक माझ्याकडे आहे. पण सुतक फिटेपर्यंत मी तुमच्या घरचा पैसा बँकेत टाकणार नाही. आमच्यातही तसंच मानतात." मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, परक्या गावात कोण एवढा विचार करतो. मी हात जोडले. त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही ठाऊक नव्हतं, की या चांगुलपणानंच सगळं बिघडणार आहे.

तेराव्याला तू आली होतीस, तीन तास थांबून गेलीस. तेरावा झाला, मृत्यूचा दाखला हातात आला, आणि मी दुसऱ्याच दिवशी एकटी बँकेत गेले. यांनी मला कितीदा तरी बजावलं होतं, "मी गेलो की पहिलं बँकेला कळवायचं. एक दिवस उशीर नको. पेन्शन फुकट जमा होता कामा नये." म्हणून गेले. खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं, मी फक्त वारस. काउंटरवरच्या बाईंनी दाखला घेतला, अर्ज घेतला, शिक्का मारला. म्हणाल्या, खातं आता बंद राहील, कागदपत्रं पुरी झाली की पैसे तुमच्याकडे येतील. मी येताना केळी घेऊन आले. मनात म्हटलं, बघा, तुम्ही सांगितलेलं पहिलं काम केलं.

चेकची आठवणच झाली नाही गं. एकदासुद्धा नाही.

मेलेल्या माणसाचा चेक बँक देत नाही, हे मला कळलं ते पाच दिवसांनी. बॅटरीवाले दारात उभे होते. हातात चेक आणि त्याला टाचलेली बँकेची चिठ्ठी.

"काय हे अक्का? मी सुतक पाळलं. दोन आठवडे गप बसलो. आणि तुम्ही पळत जाऊन खातं बंद केलात?"

मी म्हटलं, "अण्णा, माझ्या लक्षातच..."

"एक फोन करायचा होता! स्वल्प तरी विचार करायचा. साहेब असा कागद देऊन गेले, मी काय समजू?"

समोरच्या घराचं दार उघडलं, वरच्या मजल्यावरचं उघडलं. मी आत या म्हटलं, ते आले नाहीत. म्हणाले, पैसे तरी द्या नाहीतर सामान काढून नेतो. पण वापरलेली बॅटरी आता निम्म्या भावानंही जायची नाही, हेही तेच म्हणाले. आणि जाता जाता जिन्यात मोठ्यानं, कन्नडमध्ये, सगळ्यांना कळेल असं बोलले की माणूस ओळखीचा म्हणून विश्वास ठेवला, तर जाताना टोपी घालून गेला.

पैशाचं मला काही वाटलं नाही. पण ते वाक्य! यशवंतपूरच्या त्या गल्लीत यांना निम्मे दुकानदार ओळखायचे. कारखान्याचं सामान तिथूनच घ्यायचे. कुणाचा एक बोल्ट जास्त आला तरी परत नेऊन देणारा माणूस. त्यांच्याबद्दल तिथे असं बोललं जाणार, आणि बोलायला कारण मी दिलं.

मुलाला कॅनडाला फोन केला. तो म्हणाला, "आई, डोन्ट पॅनिक. इन्व्हर्टरची आता तुला गरजच नाही, परत देऊन टाक. कायद्यानं तो तुला काही करू शकत नाही." मी म्हटलं, "अरे, तो बाबांना फसवा म्हणाला." तर म्हणे, "म्हणू दे ना, बाबा कुठे ऐकायला आहेत?" मी फोन ठेवला. तो वाईट नाही. लांब आहे.

माझं एक छोटं खातं होतं, शिवणाच्या पैशाचं. बँकेनं कधीतरी चेकबुक दिलेलं, कोरं पडलं होतं. मी टेबल पुसलं, पट्टी काढली. शाळेत मी दोनच वर्षं गेलेली. लिहायला शिकले ते लग्नानंतर, सासरच्या पत्रांना उत्तर द्यायला माणूस नव्हतं म्हणून. सही मराठीत, एकेक अक्षर सुटं. पण रेघा सरळ मारल्या. चेक पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रोनं यशवंतपूरला गेले.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. काउंटरवर मोठी काच, आणि काचेखाली देवाचा फोटो, भावाचा तक्ता, आणि यांचा चेक. चिठ्ठीसकट. कुणीही बिल द्यायला वाकलं की पहिलं यांचं नाव दिसावं असा. यांच्या त्या दोन रेघा, ती सही. तब्येतीच्या दिवसांतली वाटणारी.

मी माझा चेक पुढे केला. ते बघायलासुद्धा तयार नाहीत.

"चेक नको, अक्का. तुमच्या घरचा चेक नको."

गिऱ्हाइकं बघत होती. मी म्हटलं, "अण्णा, हा माझा आहे. मी जिवंत आहे." ते खाली बघून म्हणाले, "रोख आणा. नाहीतर राहू द्या."

मी तोच चेक माझ्या बँकेत नेला. तिथल्या बाईंनी त्या रेघा आणि वरचं नाव खोडायला लावलं, दोन जागी सह्या घेतल्या, आणि रोख दिली. दुपारी परत यशवंतपूर. पाय दुखत होते, पण बसले नाही. पैसे काउंटरवर ठेवले आणि म्हटलं, "आता तो काढा तिथून."

त्यांनी काच उचलली. कधीतरी चहा सांडून आत गेला असणार, कागद काचेला खालून चिकटला होता. त्यांनी कोपरा धरून ओढला. चेक आला, पण सहीचा तुकडा काचेलाच राहिला. ते नखानं खरवडू लागले, निघेना. मग फडकं ओलं करून आणलं. मला विचारलं, "पुसू?"

काय सांगायचं? पुसू नका म्हटलं तर यांचं नाव त्या दुकानात तसंच राहणार. पुसा म्हटलं तर... यांच्या हातचं लिहिलेलं शेवटचं तेच होतं गं.

मी म्हटलं, "पुसा."

आधी निळं पसरलं. मग फडक्यावर आलं. त्यांनी दोनदा पुसलं, काच कोरडी केली, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीही घाई केली, अक्का." मी म्हटलं, "गल्लीत सांगाल ना, की पैसे दिले म्हणून?" ते म्हणाले, "सरी, बरं अक्का. सांगतो."

सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी त्या गल्लीत पुन्हा गेले नाही. बाजारात कुणी ओळखीचं दिसलं तर मी रस्ता बदलते. समोरच्या अक्का बोलतात, हसतात, पण त्या दिवशी दार उघडून त्यांनी काय ऐकलं, ते मी विचारलेलं नाही आणि त्यांनीही काढलेलं नाही. कधी वाटतं सरळ विचारावं. मग वाटतं, त्या विसरल्या असतील तर मीच आठवण करून द्यायची.

मुलाला एवढंच कळवलं की मिटलं. त्यानं अंगठा पाठवला.

इतक्या दिवसांत हे कुणाला तरी सांगायचं होतं. सांगताना मधेच "जाऊ दे ना, आई" न म्हणणारं कुणीतरी हवं होतं, आणि नेमकी तू हसलीस, म्हणून तुलाच धरलं. आता एक कर. या आठवड्यात नाही जमलं तर पुढच्या रविवारी ये, पण ये. काही आणू नकोस. सकाळीच ये, जेवायलाच थांब, आणि आल्यावर मला तुझ्या मामांचं काहीतरी विचार. कारखान्यातलं विचार, भांडणाचं विचार, काहीही. इथे येणारं कुणी आता त्यांचं नावच काढत नाही. लवकर ये.