धुऱ्यावरची गुळवेल

संत्रं हातात घेऊन हलकंच दाबायचं. बारीक भोकातून रसाची चिळकांडी उडाली की समजायचं, पतंग येऊन गेला. बाहेरून फळ चांगलं दिसतं. टाचणी टोचावी एवढंच भोक, भोवती पिवळट डाग. तीन-चार दिवसांत फळ खाली पडतं. त्याला आमच्याकडे गळ म्हणतात. त्या वर्षी सप्टेंबरात मी रोज सकाळी टोपल्या भरभरून गळ वेचत होते आणि खड्ड्यात पुरत होते. झाडाखाली तशीच राहिली तर वासावर आणखी पतंग येतात.

खाप्याजवळची ही बाग माझ्या सासऱ्यांची, मामाजींची. ते गेल्यावर मी पाहू लागले. नवरा नागपुरात नोकरीला, रविवारी येतो. त्या रविवारी त्यानं खड्डा पाहिला आणि सरळ सांगितलं, पुढच्या वर्षीही आंबिया बहाराचं, म्हणजे या हंगामाचं, पीक असंच गेलं तर झाडं काढायची आणि जमीन प्लॉट पाडणाऱ्या ले-आउटवाल्याला द्यायची. माणूस विचारून ठेवला होता त्यानं. मी एक वर्ष मागून घेतलं. फवारणीत अर्थ नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. हा पतंग दिवेलागणीला बाहेरून येतो, रस पितो आणि निघून जातो. त्याचं घर संत्र्यावर नाहीच. फवारलं की मरतात त्या मधमाश्या.

घर कुठं आहे ते कृषी सहायक मुलीनं दाखवलं. ती बागेत शिरलीच नाही. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, कडुनिंबापाशी थांबली आणि त्यावर चढलेल्या गुळवेलीचं एक पान उलटं केलं. खाली काळपट अळी होती, अंगाचा आकडा करून बसलेली. अंगावर दोन गोल डोळे. खरे डोळे नव्हेत, ठिपके. पण ते माझ्याकडेच पाहत होते.

"पतंगाची पिलं इथं वाढतात, काकू," ती म्हणाली. "वेल काढा. मुळासकट."

ती वेल मामाजींनी लावली होती.

पहिल्या टाळेबंदीत त्यांनी कुठूनशी एक कांडी आणून रोवली. कडुनिंबावरची गुळवेल जास्त गुणाची मानतात. वेल भराभर वाढली, मामाजी रोज काढा प्यायचे, आम्हाला प्यायला लावायचे. मग लोक मागायला आले. ते कुणाला नुसती कांडी देत नसत. स्वतः त्यांच्या धुऱ्यावर जायचे, झाडाच्या बुडाशी रोवायचे आणि जुन्या धोतराच्या चिंधीनं खोडाला बांधून यायचे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनाच नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. दहा दिवसांनी एका पिशवीत चष्मा, मोबाइल आणि चपला परत आल्या. तोंड कुणालाच पाहायला मिळालं नाही. तेव्हापासून सासूबाई रोज सकाळी तांब्याभर पाणी त्या वेलीला घालत. का, ते मी विचारलं नव्हतं.

म्हणून त्या कुहीला बहिणीकडे गेल्या तेव्हा मी काम उरकलं. विळ्यानं बुडापाशी वेल तोडली. वरची आपोआप वाळून पडेल, असा हिशेब. इथंच चुकलं.

पंधरा-वीस दिवसांनी पाहिलं तर वरून दोरे उतरत होते. सुतळीसारखे बारीक, फिकट हिरवे, अगदी सरळ. एक माझ्या खांद्यापर्यंत आलेला, एक गुडघ्यापर्यंत. एक जमिनीला टेकून आत गेला होता. जमिनीचा संबंध तुटला की गुळवेल वरूनच मुळं सोडते. हे मला वाचून कळायला हवं होतं, पाहून कळलं. सासूबाई तांब्या घेऊन तिथं उभ्या होत्या. किती दिवसांपासून त्यांना माहीत होतं कोण जाणे.

"आता नको तोडू वं," त्या म्हणाल्या. "ते खाली उतरून राहिले."

वेलीला कुणी 'ते' म्हणत नाही; त्यांच्या तोंडी 'ते' म्हणजे मामाजीच. माझ्या हातातला विळा मी खाली ठेवला. मग तिथंच त्यांना सगळं सांगितलं: अळी, पतंग, गळ, ले-आउटवाला. त्या धुऱ्यावर बसून ऐकत राहिल्या. तांब्यातलं पाणी त्यांनी ओतलं, पण वेलीला नाही, शेजारच्या संत्र्याच्या आळ्यात.

"झाडंही त्यायनंच लावली," एवढंच म्हणाल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी शिडी लावली. वर तीन ठिकाणी धोतराच्या चिंध्या होत्या, पावसानं काळ्या पडलेल्या. गाठ त्यांचीच, दुहेरी, शेपूट आत खोचलेलं. पोत्यांची तोंडंही ते तशीच बांधायचे. सोडवत बसले नाही, कापल्या. वेलीचा तुकडान् तुकडा गोळा करून जाळला, कारण फेकलेली कांडीही पडल्या जागी फुटते.

पण आपली एक वेल काढून भागत नाही. पतंग लांबून येतो. त्यामुळे हिवाळाभर मी शिवारातले धुरे पालथे घातले. कुठं बोर, कुठं बाभूळ, कुठं विहिरीकाठचा निंब. झाडावर वेल आणि खोडाला बांधलेली चिंधी. मी जिथं कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिथंही ते येऊन गेलेले असायचे. काही दिवस तर असं झालं की धुरा चढायच्या आधीच मान वर करून मी गाठ शोधायची. दिसली नाही तर बरं वाटायचं आणि मग त्याचंच वाईट वाटायचं.

बहुतेकांनी आपापली गळ पाहिली होती, त्यांना पटलं. नाल्याकडच्या शेतातली म्हातारी मात्र हटेना. तिच्या मुलाचा ताप त्याच काढ्यानं उतरला होता, असं तिचं ठाम म्हणणं.

"देल्ली त्यायनं, अन् मांगाले तू आली," ती म्हणाली. "सासऱ्याले शिवारातून पुसून राहिली काय वं?"

मी म्हटलं, त्यांची बाग वाचवते आहे.

"अन् उद्या मले ताप आला तर? काढा कोण देणार, तुहा पतंग?"

तिचा मुद्दा बरोबर होता. मी तिला कबूल केलं की एक वेल माझ्या अंगणात कुंडीत राहील, जाळीखाली, म्हणजे पतंगाला अंडी घालता येणार नाहीत. ज्याला लागेल त्यानं येऊन कांडी न्यावी. चार दिवसांनी तिनं निरोप धाडला. वेल तिनं स्वतःच काढली होती, आणि कुंडीसाठी एक कांडी राखली होती. चिंधी मात्र बाभळीला तशीच ठेवलेली.

बारीक विणीची जाळी घरात एकच होती, मामाजींची मच्छरदाणी. सासूबाईंनी ती पेटीतून काढून दिली. चार बांबू रोवून मी कुंडीभोवती ताणली.

पुढचा आंबिया बहार आला. पतंग आलेच, डोंगराकडच्या जंगलातल्या वेली मी थोड्याच काढणार? पण दिवेलागणीला आम्ही निंबाच्या पाल्याचा धूर केला आणि सकाळची गळ अर्ध्या टोपलीवर राहिली. रविवारी नवरा आला, खड्डा पाहिला, झाडं पाहिली. एक संत्रं सोलून उभ्याउभ्या खाल्लं. ले-आउटवाल्याचं नाव काढलं नाही, फोड मात्र एक मला दिली.

मच्छरदाणी अजून अंगणात आहे. पहाटे दार उघडलं की क्षणभर कुणीतरी खाटेवर उठून बसल्यासारखं दिसतं. रोज दिसतं, रोज माहीत असतं. सासूबाईंचा तांब्या आता तिथं जातो. मी पानं उलटी करून अळी पाहते आणि लोंबणारे दोरे कात्रीनं छाटते.

परवा एक सुटला होता. जाळीच्या जुन्या भोकातून बाहेर येऊन अंगणाच्या मातीपासून वीतभर वर थांबला होता. दोरा बाहेर येतो तिथून पतंग आत जातो. कात्री हातात होती, पण छाटला नाही. बोटानं आत ढकलला, थंडगार होता. मग सुई आणून भोक शिवून टाकलं आणि गळ वेचायला गेले.