किंमत आडवी, मागणी उभी

अर्थशास्त्रात शंभरपैकी एकतीस गुण पडले, हे ताईंनी घरी सांगितलं ते भांडी विसळता विसळता, नळ पूर्ण सोडून. भावानं ऐकू न आल्यासारखं केलं. भावजयीला मात्र ऐकू आलं, कारण ती कॉलेजात अर्थशास्त्रच शिकवायची.

ताई काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात होत्या. एकोणीस वर्षं. दर अर्ध्या तासानं भट्टीच्या लाइनवरून एक बाटली उचलायची, कापायची, भिंतीची जाडी मोजायची आणि आलेखावर ठिपका मांडायचा. मापाच्या बाबतीत त्या इतक्या कडक, की पाठीमागे सगळे त्यांना 'मायक्रोमीटर' म्हणत. विभागप्रमुखाची जागा दोनदा रिकामी झाली. दोन्ही वेळा व्यवस्थापनाची पदवी असलेलं कुणीतरी बाहेरून आलं आणि दोन्ही वेळा बाटली कुठे धरायची हे त्या पदवीला ताईंनीच शिकवलं. तिसऱ्यांदा जागा रिकामी होणार असं कळल्यावर ताई सरळ मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, पदवी नसली तरी चालेल, पण निदान अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्याचं पत्र तरी आणा.

संध्याकाळच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाही, पण अटीवर. आधी मूलभूत अर्थशास्त्राची परीक्षा पास व्हायची. संधी दोन, त्यानंतर प्रवेश रद्द. पहिल्या संधीत हे एकतीस आले, पत्र मिळालं नाही, आणि ती तिसरी जागाही बाहेरच्या माणसाला गेली. आता उरली होती एक संधी. तीही हुकली असती, तर निवृत्तीपर्यंत दर नव्या साहेबाला बाटली धरायला शिकवत बसणं एवढंच नशिबात होतं.

म्हणून ताई भावजयीकडे शिकायला बसल्या. ती बारा वर्षांनी लहान. लग्न होऊन घरात आली, तेव्हा शेगडी कशी पुसायची यावर ताईंनी तिला पाऊण तास व्याख्यान दिलं होतं. 'अडला हरी' ही म्हण ताईंच्या ओठांवर आली होती, पण ती पुरी म्हणायची सोय नव्हती. गाढव कोण, हा प्रश्न आला असता.

पहिल्याच रविवारी भावजयीनं त्यांची वही उघडली आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ताई, हे काय काढलंत?"

"मागणीचा आलेख. दिसत नाही का?"

"किंमत खाली आडव्या अक्षावर का घेतलीत?"

"मग कुठे घेऊ, डोक्यावर? अगं, किंमत वाढली की लोक कमी घेतात, असं मघाशी तूच म्हणालीस ना? म्हणजे किंमत आधी हलते, घेणं नंतर. जे आपण हलवतो ते आडवं, त्यामुळे जे होतं ते उभं. भट्टीचं तापमान आडवं, काचेची जाडी उभी. शाळेतल्या पोरालाही कळेल."

"पण पुस्तकात किंमत उभी असते."

ताईंनी पुस्तक ओढून घेतलं. खरंच, किंमत उभी होती. सगळ्या पानांवर. हे पुस्तक त्यांनी तीनदा वाचलं होतं, प्रत्येक आकृती वहीत उतरवून घेतली होती, आणि उतरवताना हातानं ती परस्पर सरळ करून टाकली होती. एकोणीस वर्षांचा हात तो, त्याला मालकिणीला विचारायची गरजच वाटली नव्हती. परीक्षेतही त्यानं तेच केलं. निम्मे गुण आकृत्यांना होते.

"का पण?" ताईंचा आवाज चढला. "उभी का?"

"पद्धत आहे. आधी कुणीतरी तशी काढली, मग सगळे तशीच काढायला लागले."

पद्धत आहे! कारखान्यात हे दोन शब्द ताईंसमोर उच्चारायची कुणाची छाती नव्हती. एका पाळीतला कामगार ओल्या हातमोज्यांनीच जाडी मोजायचं गेज हाताळायचा. का रे बाबा, म्हटल्यावर तो "आधीपासून असंच आहे" म्हणाला होता, आणि त्याला त्यांनी महिनाभर फैलावर घेतलं होतं.

"म्हणजे उलटं आहे हे तुम्हां सगळ्यांना माहीत आहे आणि तरी तुम्ही पोरांना तेच शिकवता?"

"वन्सं," भावजय म्हणाली. एरवी ती त्यांना ताई म्हणायची, वन्सं फक्त रागात. "तुम्हाला शास्त्र सुधारायचंय की पास व्हायचंय?"

पास व्हायचं होतं. तिथेच तर घोडं अडलं होतं.

त्यानंतरचे सहा आठवडे नुसता मनस्ताप होता. शिकायला वेळ लागला नाही, विसरायला लागला. मागणी, पुरवठा, लवचिकता, सगळं ताईंना तोंडपाठ होतं. पण आकृती आली की कळायचं पण वळायचं नाही. जीव वाचवणाऱ्या औषधाची किंमत वाढली तरी मागणी हलत नाही, हे पटत होतं. पुस्तकात मात्र तिची रेघ भिंतीसारखी ताठ उभी. ताईंच्या डोळ्यांना ताठ रेघ म्हणजे तापमान केसभर हललं आणि जाडीचा पार बोजवारा उडाला! न हलणारी वस्तू सर्वांत जास्त हलताना दिसायची. दिवसभर कारखान्यात सरळ वाचायचं आणि घरी येऊन तेच उलटं. डोकं भणभणायचं. एकदा तर त्यांनी वही भिंतीवर भिरकावली, मग स्वतःच उचलली, चुरगळलेली पानं तळहातानं सरळ केली आणि तिथेच जमिनीवर बसून रडल्या. चाळिशी उलटलेली बाई एका रेघेपायी रडते, याची त्यांना लाजही वाटली आणि आणखी संताप आला.

शेवटी भावजयीनं समजावणं सोडून दिलं. "रोज वीस आकृत्या काढा," ती म्हणाली. "विचार न करता."

विचार न करता! हेच काय ते उच्च शिक्षण, असं ताई पुटपुटल्या आणि वीस आकृत्या काढल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस.

परीक्षेत त्यांनी किंमत उभी काढली. सहाच्या सहा वेळा. चौऱ्याहत्तर गुण पडले. भावानं पेढ्यांसारखे गोड शब्द वाटले, भावजयीनं मिठी मारली. ताईंनाही बरं वाटलं, नाही असं नाही.

प्रवेश पक्का करायचा अर्ज भरायला त्या संस्थेत गेल्या, तेव्हा टेबलामागे अर्थशास्त्राचे सर बसले होते. नाव वाचून त्यांनी चष्मा वर केला.

"अहो, तुमचा आधीचा पेपरही मीच तपासला होता. बाटल्यांची उदाहरणं फार छान होती, म्हणून लक्षात राहिलं."

"त्यात आकृत्या चुकल्या होत्या," ताई म्हणाल्या.

"चुकल्या कुठे? अक्षांना नावं दिली होतीत, रेघा अचूक होत्या. फक्त आडव्याचं उभं. खरं तर तुमचीच मांडणी जास्त तर्काला धरून होती. मी तेव्हाच बायकोला म्हटलं, या बाईंचं डोकं चांगलं आहे."

"मग गुण?"

"उत्तरतालिकेत किंमत उभी होती ना."

सर हे अगदी कौतुकानं सांगत होते. ताईंचे कान तापले.

"आमच्याकडे चांगली बाटली गेजनं नाकारली, तर आम्ही लाइन थांबवतो," त्या म्हणाल्या. "आणि गेज तपासतो."

"वा! हे वर्गात सांगा हं."

"त्या पेपराबरोबर माझी विभागप्रमुखाची जागा गेली, सर."

सरांचं हसू ओसरलं. त्यांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. "तसा शेरा लिहायला रकाना नसतो हो," ते हळूच म्हणाले.

ताईंनी आपला अर्ज पुन्हा पुढ्यात ओढला. 'हा अभ्यासक्रम का करू इच्छिता' या प्रश्नापुढे भावजयीनं सांगितलेलं वाक्य होतं, व्यवस्थापनाची कौशल्ये आत्मसात करून प्रगती साधण्यासाठी. ते त्यांनी खोडलं आणि खाली लिहिलं, 'माल चांगला आहे हे कळूनही तो परत पाठवणाऱ्याला जाब विचारता यावा म्हणून.'

सरांनी ते वाचलं. मग अर्ज परत सरकवत म्हणाले, "खाडाखोड चालत नाही. नवा भरावा लागेल."

"द्या," ताई म्हणाल्या.

आणि नवा अर्ज त्यांनी नावापासून, एकेक रकाना सावकाश भरत, पुन्हा लिहून काढला. त्या प्रश्नापाशी आल्या तेव्हा तेच वाक्य लिहिलं, एकही शब्द न बदलता. मग तो सरांसमोर ठेवला आणि शिक्का मारून होईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.