सुमनकाकूचा ट्रे

चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होते तेव्हा अप्पांचा फोन आला. शाळेच्या वेळात माझे वडील कधी फोन करत नाहीत, म्हणून वर्गाबाहेर येऊन घेतला. "सुमनवैनी गेली," एवढंच ते म्हणाले. आमच्या गल्लीतली सुमनकाकू. सकाळी पाणी भरताना काकूला घाम सुटला, ती ओट्यावर बसली, आणि शेजारच्यांनी रिक्षा आणेपर्यंत सगळं संपलं होतं. वय अडुसष्ट. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे, आणि गल्लीत जो तो एकमेकाला तिकिटं झाली का म्हणून विचारतो आहे. काकूबद्दल लिहायचं मी इतके दिवस टाळत होते, या प्रश्नानेच लिहायला बसवलं.

गुजरातेतल्या डिंडोलीतली आमची गल्ली अठरा घरांची. बहुतेक सगळे खानदेशातले, आणि बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कामाला. दिवाळीत खाती बंद होतात. त्या सुट्टीला इथे सगळे वेकेशन म्हणतात, आमचे अप्पासुद्धा. वर्षभर कानात भरलेली लूमची खडखड थांबते आणि गल्ली गावाला निघते. दोन-तीन दिवसांत सतरा घरांना कुलूप. उघडं राहतं ते फक्त काकूचं.

काकूचं सासर साक्रीकडचं. नवरा खात्यात कामाला होता. तो गेला तेव्हा काकू तिशीत होती आणि मूलबाळ नव्हतं. पहिल्या दिवाळीला ती गावी गेली, तर तिच्या खोलीत धाकट्या दिराचा संसार मांडलेला. कुणी भांडलं नाही, कुणी वाईटही बोललं नाही. जाऊबाईने पाहुण्यांसाठी काढतात तशी चटई तिच्यासाठी ओसरीत अंथरली, आणि काकूला समजायचं ते समजलं. माहेरी आईवडील राहिले नव्हते. त्यानंतर ती दिवाळीत कुठे गेली नाही. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "काकू, तू गावाला का नाही जात?" तेव्हा ती साडीवर खडे चिकटवत होती. हात न थांबवता म्हणाली, "माले कोठे गाव शे, माय? आणि मी गयी ते तुमन्या किल्ल्या कोन सांभाळी?"

किल्ल्या खरंच तिच्याकडे असत. दाराशेजारी एक फळी, फळीवर सतरा खिळे. जाताना प्रत्येकजण आपली किल्ली आपल्या खिळ्याला अडकवायचा. काकू रोज एकेक घर उघडून तुळशीला पाणी घालायची, दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला परतवायची. सुट्टी संपली की आम्ही भुसावळकडून येणाऱ्या गाडीने पहाटे उधन्याला उतरायचो. शेंगांची पोती, पिठाचे डबे, झोपलेली पोरं असं सगळं घेऊन गल्लीत शिरलो की भाजलेल्या गुळाचा वास यायचा. काकू ओट्यावर उभी असायची. "उनात का?" आलो म्हटलं की, "चूल पेटाडू नका कोन्ही. हात धुवा नि बठा."

पंधरा-वीस दिवस बंद असलेल्या घरात दूध नसतं, भाजी नसते, आणि त्यातल्या दोन-चार घरांत तर गॅसही संपलेला असतो. त्या सकाळी गल्लीतल्या एकाही घरात चूल पेटायची नाही. सगळे काकूकडे खायचे. जे खायचे त्याला नाव नव्हतं, आम्ही त्याला ट्रेच म्हणायचो. "ट्रे खाल्ला का?" "अजून थोडा ट्रे दे ना."

हा पदार्थ तिने नाक्यावरच्या बेकरीत उचलला. नवरा गेल्यावर काही वर्षं ती तिथे ट्रे घासायच्या कामाला होती. बेकरीवाले रहीमचाचा उरलेल्या ब्रेडचं दूध-अंडं घालून काहीतरी गोड भाजायचे. काकूने अंडं काढून टाकलं, कारण आमच्या गल्लीत अर्धे माळकरी, आणि त्याच्या जागी शेंगदाणे आणले. दोन दिवसांचे शिळे पाव हाताने तोडायचे. त्यांचा एक थर, त्यावर भाजून जाडसर कुटलेले शेंगदाणे, तीळ आणि किसलेला गूळ. पुन्हा पाव, पुन्हा दाणे. दुधात थोडा रवा शिजवून, सुंठ-वेलची घालून, दूध पार निवल्यावर ते वरून ओतायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. पहाटे पावांचा घाणा निघाला की भट्टीत जी धग उरते तिच्यावर तासभर भाजायचं. कडेला गूळ काळपट होऊन चिकटतो, मधे खरवसासारखं मऊ राहतं. पत्र्याचा तो ट्रे तिने भट्टीच्या तोंडाचं माप घेऊन करवून घेतला होता. भरला की उचलायला दोन माणसं लागतात. त्याचा एक कोपरा चेपलेला आहे, आणि त्या कोपऱ्यातली खरपूस वडी कुणाला मिळणार यावरून आम्ही मुलं दरवर्षी भांडायचो.

आता माझ्या चुकीबद्दल. मला शाळेत नोकरी लागली त्या वर्षीची ही गोष्ट. काकूचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. मला वाटलं, एवढ्या माणसांसाठी ही बाई राबते आणि आपण सगळे आयते जाऊन बसतो, हे काही बरोबर नाही. गावाहून निघण्याआधी मी घराघरात फोन केले. सगळ्यांनी पोळ्या-चटणी बांधून घ्या, उधन्याला उतरलं की स्टेशनवरच खाऊन घेऊ, काकूला त्रास नको. सगळ्यांना पटलं. शिकलेली पोरगी सांगतेय म्हटल्यावर पटणारच. आम्ही फलाटावर बसून व्यवस्थित जेवलो, चहा प्यायलो आणि गल्लीत आलो.

काकू ओट्यावर होती. ट्रे समोर होता, वर पातळ फडकं. मी पुढे होऊन सांगितलं, "काकू, आम्ही खाऊन आलोय. तुला उगाच दगदग नको म्हणून." तिने ट्रेवरचं फडकं पुन्हा नीट केलं. मग म्हणाली, "बरं करं तुम्हीन." एकेक किल्ली काढून तिने ज्याची त्याला दिली. पोरांनी थोडंथोडं खाल्लं, पण भरल्या पोटी कुणी किती खाणार? दुपारी ती आणि अप्पा तो ट्रे बेकरीतल्या कारागिरांना देऊन आले. अप्पा परत आले ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तिना घरले वरीसम्हा एक दिवस पाव्हना येतस. तू त्यासले टेशनवरच जेवाडी दिधं."

मला पाव्हणे हा शब्द फार लागला. आम्ही तिच्या घरचे पाव्हणे होतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी काकूकडे जाऊन माफी मागितली. तिने ती मान्यच केली नाही. "माफी कसानी? गुडघा दुखस ते खरंच शे," म्हणाली आणि मला पापड तळायला लावले.

पुढच्या वर्षी परतलो तर वास आला नाही. काकूने फळीवरच्या किल्ल्या आधीच काढून ओळीने ओट्यावर मांडून ठेवल्या होत्या, आणि ती आत साड्यांच्या घड्या घालत होती. आम्ही मात्र त्या वर्षी मुद्दाम उपाशी आलो होतो. गाडीत कुणी पोराला बिस्कीट दिलं तरी मी डोळे वटारत होते. आता काय करायचं ते कुणालाच कळेना. किल्ल्या कुणी उचलल्या नाहीत. अप्पांनी शेंगांचं पोतं खाली ठेवलं आणि ते काकूच्या पायरीवर बसले. मग बाकीचेही आपापल्या पायऱ्यांवर बसले. बंद दारांसमोर अख्खी गल्ली, सामानासकट.

थोड्या वेळाने काकू बाहेर आली. "काय बठनात असा? कोन्ही मरनं का?"

"भूक लागनी, वैनी," अप्पा म्हणाले.

"मंग टेशनवर काबर नही खादं?"

"तठे तुमना हातनं नही भेटस."

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होते. "आनि हाई मास्तरीन? हिना ते डबा असी."

"डबा नाही आणला," मी म्हणाले.

"पाव ताजा, भट्टी थंडी. दुपार व्हई जाई."

"होऊ दे."

मग तिने पदर खोचला. पुरुषांना शेंगा फोडायला बसवलं, बायकांना दाणे भाजायला, मला दूध तापवायला. पुस्तकातून शिकलेलं माणूस हुशारी करतंच. वेळ वाचावा म्हणून मी उकळत्या दुधातच गूळ टाकला आणि पातेलंभर दूध फाटलं. काकू ते पातेल्यातलं पाणी आणि गोळे बघून इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "गूळ दूधम्हा नही टाकानं, माय, फाटी जास! बीएड करं ना तू?" अख्ख्या गल्लीला तिने ते पातेलं दाखवलं. रहीमचाचांनी टोस्टच्या घाण्यानंतर भट्टी आमच्यासाठी ठेवली. दीड वाजता आम्ही खाल्लं. पाव मुरले नव्हते, प्रत्येक घास घशात अडकत होता, आणि पोरं पाण्याचे तांबे घेऊन फिरत होती. काकूने स्वतः एक वडी खाल्ली. "कोरडा व्हयना," म्हणाली. नंतर फळीवरच्या रिकाम्या खिळ्यांकडे बघत म्हणाली, "पुढना सालले मी येळवर करसू. तुम्ही भुक्या या."

त्यानंतर दरवर्षी आम्ही भुकेले आलो. मधल्या काळात गल्लीची पोरं मोठी झाली. काही पलसाण्याला, काही कडोदऱ्याला राहायला गेली, आणि आता घरातही गुजराती बोलतात. पण त्या सकाळी तीही यायची, गावाला गेली असोत नसोत. काकू त्यांना खायला द्यायची आणि टोमणाही मारायची, "तू कोठेन उना रे, गाडीमाईन का फटफटीवरतीन?"

काकू गेली त्या दिवशीही गल्लीत चूल पेटली नाही, तसा रिवाजच आहे. स्मशानातून परतल्यावर रहीमचाचांच्या मुलाने पाव आणि चहा पाठवला. आम्ही पायऱ्यांवर बसून ते घेतलं. बारावं झाल्यावर साक्रीहून आलेला पुतण्या तिचं कपाट आणि पंखा घेऊन गेला. माणूस सभ्य होता. ट्रे आणि फळी आम्ही मागितली, तर म्हणाला, "हे पत्र्याचं कशाला हवंय तुम्हाला?" आणि देऊन टाकली. फळी अप्पांनी आमच्या दाराशेजारी ठोकली. ती थोडी तिरकी बसली आहे.

गेल्या आठवड्यात शाळेतून येताना बेकरीवरून चालले होते, तर रहीमचाचांच्या मुलाने हाक मारली. आता भट्टी तोच बघतो. "बेन, इस बार पाव कितने रखूँ?"

मी सांगितलं, काकू सांगायची तेवढेच.

तो म्हणाला, "काकी कभी गिनती नहीं बोलती थी. सब लोग गाँव निकल जाते, फिर आके बोलती, इतने लोग गये हैं, उस हिसाब से रख."

मला पदार्थ पाठ आहे. थर, गूळ, सुंठ, निवलेलं दूध, सगळं वहीत लिहिलेलं आहे. पण किती माणसं गेली हे कळायला कुणीतरी मागे राहावं लागतं.

घरी येऊन मी माझं तिकीट रद्द केलं. अप्पांचं ठेवलं. त्यांचे थोरले भाऊ गावी वाट बघत असतात, आणि अप्पांनाही तिथे गेल्यावर बरं वाटतं. "एकटी काय करशी?" त्यांनी विचारलं. मी फळीकडे बोट दाखवलं. त्यांनी उठून माळ्यावरून ट्रे खाली काढला, राखेने घासला आणि चेपलेला कोपरा तेवढा तसाच ठेवून उन्हात उभा केला.

काल समोरच्या घरातली मंडळी लवकर निघाली, गावी त्यांच्या मुलीचं बाळंतपण आहे. जाताना बाईंनी किल्ली आणली आणि दारात घुटमळल्या. कुठल्या खिळ्याला लावायची ते त्यांना आठवेना. वरून तिसऱ्या, मी सांगितलं.