पातळ धातू आणि गणोजीकाकांचे बूट

देवासच्या कारखान्यात गणोजीकाका एकतीस वर्षं प्लॅटिनम झाडत होते. उत्प्रेरकाच्या विभागात त्याची पूड उडते, फरशीवर बसते. फरशी पुसलेलं फडकंसुद्धा जाळून राखेतून ती परत काढतात. संध्याकाळी फाटकावरचा पहारेकरी रघुजी प्रत्येकाला काळ्या कागदावर बूट झटकायला लावायचा. काही पडलं नाही, की वहीत लिहायचा : निरंक. काकांच्या नावापुढे एकतीस वर्षं हा एकच शब्द होता. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. तो शब्द शेवटपर्यंत टिकावा, एवढंच त्यांना हवं होतं.

त्याच सुमारास संशोधन विभागातली अवंती गॅलियममध्ये प्लॅटिनम विरघळवत होती. गॅलियम तीस अंशांना वितळतो. मे महिन्यात देवासला तो कपाटातच पातळ होऊन बसतो.

"काका, घट्ट कणात आतले अणू नुसते बसून असतात. इथे सगळे सुटे फिरतात, म्हणून चिमूटभर प्लॅटिनम मूठभराचं काम करतं."

"म्हणजे आपल्या ऑफिसच्या बरोबर उलट," काका म्हणाले.

हे बघायला मुख्यालयातून मोठे साहेब येणार असं ठरलं. व्यवस्थापकांनी लगेच पत्र्याच्या प्रयोगशाळेत एसी बसवला. पण एसी आणि धातूची कुपी गरम ठेवणारी पाण्याची टाकी एका लाइनवर चालेनात.

"टाकी बंद करा."

"सर, धातू गोठेल. तो पातळ आहे, हेच तर दाखवायचंय."

"साहेबांना घाम फुटल्यावर काय दाखवणार तुम्ही?"

खोली अठरा अंशांवर आली. कुपीतला चकचकीत थेंब मळकट खडा झाला. अवंती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. झाडायला आलेल्या काकांनी कुपी उचलली, शर्टाच्या आत काखेत धरली आणि कोपऱ्यात जाऊन थांबले.

अर्ध्या तासाने साहेब आले. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषण सुरू झालं. बंदोबस्ताला आत आलेल्या रघुजीला काकांचा आखडलेला हात दिसला.

"काका, हाथ ऊपर करो."

"थांब रे भिया, दहा मिनिटं."

"इतने साल में कभी रुकने को नहीं बोले तुम. करो ऊपर."

कुपी निघाली. चिठ्ठीवर लाल अक्षरांत 'प्लॅटिनम' लिहिलेलं. भाषण थांबलं.

"हे तुमच्या अंगावर कसं?" साहेबांनी विचारलं.

"गार पडलं होतं, साहेब." काकांनी कुपी कलती केली. आतला थेंब आरशासारखा चमकत घरंगळला.

अवंतीने कुणाला न विचारता एसी बंद केला, टाकी लावली. तासाभरात प्रयोग झाला. साहेब घामाघूम झाले आणि फार खूश झाले.

आठवड्याने मंजुरी आली : 'नमुना योग्य व्यवस्थेद्वारे छत्तीस अंशांवर राखण्यात आला होता.' त्याच पाकिटात योग्य व्यवस्थेच्या नावे मेमो होता, मौल्यवान धातू विनापरवाना अंगावर बाळगल्याबद्दल. रघुजीच्या वहीत त्या दिवसापुढे 'कुपी एक' लिहिलेलं होतंच. प्रयोगशाळेसाठी दुसरा एसीही मंजूर झाला होता.

शेवटच्या दिवशी रघुजीने काळा कागद काढलाच नाही.

"जाने दो काका. शर्मिंदा मत करो."

"काढ."

काकांनी बूट काढले, कागदावर दोनदा आपटले. साध्या धुळीचे चार कण पडले.

"लिही."

रघुजीने 'निरंक' लिहिलं. काकांनी वाकून तो शब्द वाचला आणि बूट पुन्हा कारखान्याच्या जमिनीला न टेकवता, हातात घेऊन, तापलेल्या डांबरावर अनवाणीच फाटकाबाहेर पडले.