नलंगूतला नारळ आणि तुळजाराममामांचा दात

डॉक्टर नागलक्ष्मीला कोणी येऊन नुसतं "लागलं" म्हणालं की तिचं डोकं उठायचं. लागलं म्हणजे काय झालं? खरचटलं, मुका मार बसला, फाटलं, कापलं की भोसकलं? तिची एक आतेबहीण न्हाणीघरात पाय घसरून पडली. तिनं कण्हत कण्हत फोन केला, तर नागलक्ष्मीनं पहिला प्रश्न टाकला, "कातडी गेली, की आत रक्त साकळलं?" बहिणीनं फोन आपटला आणि ऑटो करून दुसऱ्याच डॉक्टरकडे गेली. तंजावूरच्या मराठी घरांत नागलक्ष्मीला बोलवायचं ते बाकी सगळे उपाय थकल्यावर, असा अलिखित नियमच होता.

तिचीही बाजू होती. तिचं अर्धं आयुष्य एका खासगी इस्पितळाच्या अपघात विभागात गेलं होतं. तिथं शब्द चुकला की माणूस आत जातो, हे तिनं पाहिलं होतं. डोक्याची कातडी हाडावर ताणून बसलेली असते. नुसता दगड बसला तरी ती सुरीनं चिरल्यासारखी सरळ उकलते. घाईत कोणी "कापलेली जखम" असं लिहिलं, की त्या दगडाचा कोयता होतो आणि बांधावरच्या साध्या हाणामारीला शस्त्राचा हल्ला म्हणतात. म्हणून ती भिंग घेऊन जखमेच्या कडा बघत बसे. कडा ओबडधोबड, मधे कातडीचे धागे तुटायचे राहिलेले, केसांची मुळं चेचलेली, म्हणजे फाटलेली जखम. कडा स्वच्छ, म्हणजे कापलेली. नर्सा म्हणत, "डॉक्टरम्मा आधी कुंडली मांडतात, मग टाके घालतात."

एका मुहूर्ताच्या दिवशी दुपारी त्याच विभागात तिच्यासमोर अख्खं लग्नच येऊन उभं राहिलं.

पुढे तुळजाराममामा. नवऱ्या मुलाचे सख्खे मामा, अंगावर जरीचं उपरणं, तोंडावर धरलेला टॉवेल रक्तानं भिजलेला. त्यांच्यामागे दहा-पंधरा माणसं एकाच वेळी बोलत होती. सगळ्यांत शेवटी दाराला चिकटून उभी होती विनुता, नवरीची चुलतबहीण, पांढरीफटक पडलेली, आणि तिचा दंड घट्ट धरून तिची आई कामाक्षी.

झालं होतं असं. इथल्या मराठी लग्नांनी आजूबाजूच्या तमिळ लग्नांतला नलंगू फार पूर्वी उचलला आहे. नवरा-नवरी समोरासमोर बसून एकमेकांकडे नारळ घरंगळवतात, डोक्यावर अप्पळमचे पापड फोडतात, आणि दोन्हीकडचे लोक गाण्यांतून एकमेकांची यथेच्छ टिंगल करतात. नवऱ्यानं नवरीला नारळ काही मिळू दिला नाही. तेव्हा विनुता बहिणीच्या मदतीला धावली, नारळ हिसकला आणि घरंगळवायचं सोडून सरळ फेकला. नवरा खाली वाकला. त्याच्यामागे तुळजाराममामा मुलीकडच्या पायसमला नावं ठेवून खदखदून हसत होते. तोंड उघडंच होतं.

आता या तोंडाविषयी थोडं सांगायला हवं. साठीला आलेल्या मामांची सगळ्यांत मोठी मिळकत म्हणजे त्यांचे दात. नोकरी बेताची, आवाज मात्र मोठा, आणि प्रत्येक लग्नात पानसुपारीच्या वेळी ते अख्खी सुपारी दातांखाली कडकन फोडून दाखवत. "अस्की, सगळेच्या सगळे माझे," म्हणत. "एक पण किडका नाही." जावयांना, शेजाऱ्यांना, बसमधल्या अनोळखी माणसांना त्यांनी कडुलिंबाच्या काडीवर व्याख्यानं दिली होती. दंतवैद्यांना ते चोर म्हणत.

"पोलिस केस घालणार!" टॉवेलाआडून मामा गरजले. "दात तोडला माझा! तीनशे माणसांपुढं!"

कामाक्षीची पाचावर धारण बसली. तिला कारणही तसंच होतं. विनुता सरकारी परीक्षा पास झाली होती, तालुका कचेरीतली नोकरी हातातोंडाशी आली होती आणि फक्त पोलिसांची चौकशी बाकी होती. अशा वेळी नावावर गुन्हा नोंदला गेला असता, तर नेमणूक अडकून पडली असती, कदाचित कायमची.

तिनं नागलक्ष्मीला पडद्यामागे ओढलं. "अक्का, ओठ फुटला एवढंच लिहा. दाताचं कसाला लिहायचं?"

"ओठ साधी दुखापत आहे कामाक्षी, त्याचं काही नाही," नागलक्ष्मी म्हणाली. "पण कायद्यात गंभीर दुखापतीचे आठ प्रकार आहेत. त्यात हाड मोडणं आणि दात मोडणं एकाच ओळीत येतात. दात तुटला असेल तर ती गंभीर दुखापत. तुटला असेल तर तुटला असं लिहीन."

"तुमच्या मांडीवर खेळलेली पोर आहे!"

"माहीत आहे."

"हृदय आहे का नाही तुम्हाला?"

नागलक्ष्मीनं हातमोजे चढवले. तिलाही विनुताकडे बघवत नव्हतं. हे लिहावं लागलं तर रात्रीचं जेवण जाणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. तरी ती लिहिणार होती. याच कारणानं नातलगांत तिला कोणी जेवायला बोलवत नसे.

तिनं सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि मामांच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकला.

वरचा ओठ सुजून वांग्यासारखा झाला होता. आतल्या बाजूनं फाटला होता, कडा चेचलेल्या. वर मुका मार. इथवर सगळं पुस्तकात लिहिल्याबरहुकूम होतं. मग ती दाताकडे वळली. समोरचा दात अर्धा गेलेला. पण तुटलेल्या कडेला ना नस दिसत होती, ना रक्ताचा टिपूस. तिनं भिंग घेतलं. मग मामांनी रुमालात जपून आणलेला तुकडा घेतला आणि खिडकीपाशी जाऊन उलटापालटा केला. तो आतून पोकळ होता आणि त्याला धातूचं अस्तर होतं.

"मामा," ती म्हणाली, "हा दात कुठल्या दुकानातला?"

मामांनी टॉवेल तोंडावर घेतला.

"त्रिची," अखेर टॉवेलातून आवाज आला. "स्कूटरवरून पडलो होतो. घरी कामाला जातो सांगून बसवून आलो."

"मामींना ठाऊक नाही?"

"ऐयो, कोणालाच नाही!" मामा खुर्चीवरून घसरायचेच बाकी होते. "डॉक्टरम्मा, खरा दात म्हणून लिहा. पाया पडतो. लोक हसतील."

मघाशी बाई दात गाळायला सांगत होत्या आणि आता बाबा दात घालायला सांगत होते. नागलक्ष्मीला मनापासून हसू आलं, ते तिनं दाबलं नाही. मग टाक्यांचं सामान काढत तिनं मामांना सरळ सांगितलं, "नकली दात मोडणं म्हणजे चष्मा फुटण्यासारखं आहे. ती दुखापतच नाही. मी नकली म्हणूनच लिहिणार. तुम्ही तक्रार दिलीत तर पोलिस मला विचारतील, कोर्टही विचारेल, आणि मी भर कोर्टात त्रिचीचं नाव घेईन. तक्रार नाही दिलीत तर रुग्णाच्या तोंडात काय आहे ते मी कोणालाच सांगत नाही. देवालासुद्धा नाही."

मामांनी टाके पडेपर्यंत विचार केला. एरवी सुईला बोंब मारणारा माणूस हूं की चूं करेना.

मग दार उघडलं आणि ते बाहेर गेले. नागलक्ष्मी मागोमाग होती, म्हणून तिला सगळं दिसलं. मामांनी छाती पुढे काढली, सुजल्या ओठांनी जमेल तितका भारदस्त चेहरा केला, आणि एक हात आशीर्वादासारखा वर धरला.

"पोर आहे," ते म्हणाले. "खेळता खेळता झालं. दात काय, गेला तर गेला! एका दातापायी पोरीचं आयुष्य नासवायला मी राक्षस आहे का? केसबीस काही नाही."

सगळा घोळका गहिवरला. विनुता रडत त्यांच्या पाया पडली. कामाक्षीनं तर तिथंच फरशीवर डोकं टेकलं. कोणीतरी म्हणालं, याला म्हणतात मोठं मन. मामांनी ते मान्य असल्यासारखी मान हलवली.

नागलक्ष्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक वाक्य बोलली असती तर या महापुरुषाची जागच्या जागी वरात निघाली असती. वाक्य ओठांवर आलंही होतं. पण रुग्णाला शब्द दिलेला होता, आणि रुग्ण कितीही भामटा असला तरी रुग्णच. तिनं हातमोजे काढले आणि मुकाट्यानं पुढची जखम बघायला गेली.

पोलिसांची चौकशी निर्विघ्न पार पडली. विनुताला पापनाशमच्या कचेरीत नेमणूक मिळाली. कामाक्षीनं अशोका हलव्याचा पहिला डबा मामांच्या घरी पोचवला, मग गल्लीत वाटला. नागलक्ष्मीचं घर त्याच गल्लीत होतं. तिच्या दारावरून डबा पुढे गेला. तिला वाईट वाटलं, फारच वाईट वाटलं. दोन दिवस ती कॉफीतही चूक काढत होती.

नंतर एकदा भाजीबाजारात दोघी समोरासमोर आल्या. तोंड फिरवायला जागा नव्हती.

"विनुता कशी आहे?" नागलक्ष्मीनं विचारलं.

"बेस आहे. मामांची कृपा." कामाक्षी वांगी निवडत राहिली. मग तिला राहवलं नाही. "राग मानू नका अक्का. तुमच्याकडे शिक्षण आहे, त्यांच्याकडे माणुसकी आहे. त्या दिवशी तुम्ही तर लिहायलाच बसला होता."

"हो," नागलक्ष्मी म्हणाली. "बसले होते."

भाजीवाली कामाक्षीच्या पिशवीत वांगी टाकत होती.

"तिला माझा निरोप सांग," नागलक्ष्मी म्हणाली. "कचेरीत कोणी कितीही पाया पडलं, तरी जे दिसेल तेच लिही म्हणावं."

कामाक्षीनं पिशवी उचलली.

"नको अक्का," ती अगदी मायेनं म्हणाली. "माझी पोर माणसांत राहू दे."