दिव्यावरचं बोट

ताईंच्या वर्कशॉपमध्ये गाडी न्यायची तर दोन नियम पाळावे लागतात. पहिला, बोलायचं ते त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहून, कारण उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. दुसरा, गाडीला काय झालंय हे आपण सांगायचं नाही. "काय होतंय ते सांगा, काय झालंय ते मी सांगते," असं म्हणून त्या भल्याभल्यांना गप्प करतात. स्वतःला अर्धे मेकॅनिक समजणारे लोक त्यामुळे ताईंवर जरा खार खाऊनच असतात, पण गाडी अडली की तिथेच येतात.

तो उजवा कान पंख्यांच्या कारखान्यात गेला. बारा वर्षं ताई तिथे फिरत्या मोटारीवर तळहात ठेवून बसायच्या. जी मोटार हाताला कणभर जास्त थरथरेल ती बाजूला काढायची, एवढंच काम. पुढे कारखाना बंद पडला, पण तळहात शाबूत राहिला. टायरच्या दुकानामागे रिकामी पडलेली जागा त्यांनी घेतली, समोरची भिंत पांढरी रंगवली, उजेड कुठे पडतो ते मापायला तिच्यावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि गाड्यांच्या दिव्यांचं नि वायरिंगचं काम सुरू केलं. त्याला आता सतरा वर्षं झाली.

त्या दिवशी तिथे आले सावकाशराव. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आरोग्य केंद्राची उंच चाकांची जीप ते चालवायचे. लसींची पेटी आणि सिस्टरबाई यांना खिंडीपलीकडच्या वस्त्यांवर न्यायचं आणि परत आणायचं. रस्ता नुसता दगडांचा, म्हणून गाडी चालवायची ती सावकाश. कुणी घाई केली की म्हणायचे, "सावकाश, पेटी फुटेल." बाकीच्यांनी तेच नाव चिकटवून दिलं.

"हॉर्न वाजत नाही," सावकाशराव डाव्या बाजूला उभं राहून म्हणाले.

हॉर्न खरंच वाजत नव्हता. पण ते सांगताना त्यांचा एक हात शर्टाच्या खिशावर होता. खिशात चार ओळींचा अर्ज होता आणि तो उद्या सकाळी केंद्राच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवायचा होता. घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता, बायकोलासुद्धा नाही.

झालं होतं ते असं. त्यांचे वडीलही ड्रायव्हर. उतारवयात ते म्हणायला लागले, "धुक्यात रस्ता हलतो रे." सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. वर्षभरात खिंडीतल्या कठड्याला गाडी घासली आणि साहेबांनी किल्ली काढून घेतली. डोळे गेले म्हाताऱ्याचे, असं जो तो म्हणाला. तेव्हापासून वडील घरी. मोतीबिंदू काढून झाले, चष्मा आला, पण किल्ली काही परत आली नाही. त्यानंतर त्यांनी गाडीचा विषय कधी काढला नाही.

आणि आता गेले चार महिने सावकाशरावांना धुक्यात रस्ता हलताना दिसत होता. दगड हलायचे, कठडा हलायचा, रस्त्याची कडच नजरेत यायची नाही. उन्हात सगळं ठीक, धुकं आलं की थरथर. मागे सिस्टरबाई पेटी मांडीवर घेऊन बिनघोर डुलक्या काढायच्या आणि पुढे हे काचेपाशी वाकून गाडी हाकायचे. आपलेही डोळे बाबांच्याच वाटेने निघाले, अशी त्यांनी समजूत करून घेतली. एकदा वाटलं, तपासून घ्यावेत. पण डॉक्टरने तेच सांगितलं तर? त्यापेक्षा आपणच किल्ली परत केलेली बरी. निदान कुणी काढून तरी घेणार नाही.

हॉर्नची वायर गंजून सुटली होती. ताईंनी ती पाच मिनिटांत जोडली आणि म्हणाल्या, "आलाच आहात तर दिवेही बघून टाकते. गाडी भिंतीसमोर लावा. इंजिन चालू ठेवा."

बंपरवरचे ते दोन जास्तीचे दिवे चार-पाच महिन्यांपूर्वी लेकीने दिले होते. "बाबा, तुमच्या खिंडीतल्या धुक्यासाठी," असं म्हणाली होती. सावकाशरावांनी ते कुणालाही हात लावू न देता स्वतः बसवले. उजेड लांब पडावा म्हणून खाली लांब पट्ट्या लावून वर उचलले. आणि दर सोमवारी पाना घेऊन एकेक बोल्ट पाव फेरा आवळायचे. लेकीची वस्तू, ढिली पडायला नको.

ताईंनी शटर अर्धं खाली ओढलं. भिंतीवर उजेडाचे दोन गोल पडले.

दोन्ही थरथरत होते.

सावकाशराव बघतच राहिले. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ताई, तुम्हालाही हलताना दिसतंय?"

ताईंना ऐकू गेलं नाही, कारण ते उजव्या बाजूला उभे होते. ते धावत डावीकडे आले आणि पुन्हा विचारलं. ह्या वेळी आवाज चढला होता.

"म्हणजे काय! एवढं नाचतंय ते दिसणार नाही? कान गेलाय भाऊ, डोळे आहेत अजून."

"मला वाटलं, रस्ता हलतो."

"रस्ता कशाला हलेल? तो बिचारा जागेवरच आहे." ताईंनी बंपरवर तळहात टेकला. मग दिव्याच्या डोक्यावर एक बोट ठेवलं आणि हलकेच दाबलं.

भिंतीवरचा गोल थांबला. बोट काढलं, पुन्हा थरथर. ठेवलं, थांबला.

"बघा. पट्टी लांब, बुडाशी एकच बोल्ट, आणि तो तुम्ही एवढा आवळलाय की पत्राच आत दबलाय. दिवा नीट टेकलेलाच नाही, एका बोल्टवर डुगडुगतोय. जितकं आवळाल तितकं बिघडेल. दर आठवड्याला आवळत असणार तुम्ही."

"दर सोमवारी," सावकाशराव म्हणाले. ते तिथल्या स्टुलावर बसले.

"पट्टी कापून आखूड करते. पत्र्यामागे जाड प्लेट टाकते. रबर घालीन, पण पातळ. जाड घातलं की दिवा मान डोलवत बसतो. आणि माझं हे बोट आहे ना, ते तिथे कायमचं ठेवायचं. दिव्याच्या डोक्यापासून मागच्या चौकटीपर्यंत एक सळी. काम झालं." ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. "प्लेटच्या मापाला कागद द्या एखादा."

खिशात एकच कागद होता. तो त्यांनी दिला. ताईंनी घडी उघडली आणि चार ओळी वाचल्या. नजर कमी झाल्यामुळे गाडी चालवण्याच्या कामातून मला मोकळं करावं, अशी विनंती होती.

"ह्याची दुसरी प्रत आहे?"

"नाही."

"मग कापू?"

"कापा," सावकाशराव म्हणाले. चार महिन्यांनी त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि डोळे भरून आले होते. ताईंनी तिकडे न बघता कात्री चालवली.

निघताना त्या म्हणाल्या, "दिव्याचं झालं. डोळे मात्र तपासून घ्या. मी सांगितलं म्हणून गाडीवर बसू नका." ते त्याच संध्याकाळी गेले. जवळचा थोडा नंबर निघाला, लांबचं स्वच्छ होतं. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती आधी रागावली, चार महिने एकट्याने का कुढत बसलात म्हणून, आणि मग रडली.

वडील कोपऱ्यात खुर्चीत बसून ऐकत होते. सावकाशराव त्यांच्यापाशी जाऊन बसले. "बाबा, रस्ता हलत नव्हता. दिवा हलत होता."

म्हाताऱ्याने चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाला, "माझ्याही गाडीला पुढे दोन जास्तीचे दिवे होते. मीच बसवले होते."

तेव्हा नेमकं काय हललं होतं, ते आता कोण सांगणार? ती गाडी केव्हाच भंगारात गेली. तिच्या दिव्यावर बोट ठेवून कुणी पाहिलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

पुढच्या आठवड्यात खिंड धुक्याने भरली. सावकाशरावांनी डॉक्टरीणबाईंना विचारून वडिलांना सोबत घेतलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. मागे सिस्टरबाईंचा डोळा नेहमीप्रमाणे लागला. कठड्याच्या वळणावर सावकाशरावांनी दिवे लावले. उजेड धुक्यात शिरला आणि कठड्यावर जाऊन स्थिर उभा राहिला. त्यातला दगड न् दगड मोजता आला असता.

वडील पुढे वाकून बघत होते. वळण पार झालं, तरी बघत होते.

"त्या बाईंकडे परत कधी जाणार आहेस?"

"सोमवारी, बोल्ट तपासून घ्यायला. का हो?"

"त्यांना माझाही नमस्कार सांग," वडील म्हणाले.